दिनविशेष : २३ एप्रिल
१८५० : इंग्रज रोमँटिक कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ यांचे रायडल माउंट येथे निधन. गोस्लार या जर्मन गावी १७९८-९९ च्या हिवाळ्यात आरंभलेले, आयुष्यभर फेरफार करीत हयातीत समग्र न छापलेले त्यांचे ‘द प्रिल्यूड’ हे आत्मचरित्रपर दीर्घकाव्य, पत्नी मेरी यांनी दिलेल्या शीर्षकानिशी, त्याच वर्षी जुलैत प्रसिद्ध झाले. महाकाव्याच्या नायकपदी वीरपुरुषाऐवजी कवीचे घडते मनच बसवणारी ही रचना ‘कालबिंदूं’ना, म्हणजे पुढे मनाला सावरणाऱ्या उत्कट बालस्मृतींना, या घडणीचे मूळ मानते; परवानगीविना नेलेल्या होडीच्या प्रसंगात तर समोर उभ्या ठाकलेल्या डोंगराच्या भयातूनच लहानग्या वर्ड्‌स्वर्थला स्वतःच्या अपराधाची जाणीव होते. या काव्याचा १८०५ चा तेरा सर्गांचा पाठ १९२६ मध्ये छापला गेला. १८५० च्या सोज्वळ केलेल्या चौदा सर्गांपेक्षा तोच अधिक जिवंत आहे.