बालविकास : भिवंडी परिसर

जन्मापासून पौगंडावस्थेच्या अखेरीपर्यंत मुलाच्या शरीरात, भाषेत, विचारांत व भावनांत होणारे बदल. बहुतेक मुले पहिल्या वर्षाच्या आसपास पाऊल टाकतात, दुसऱ्या वर्षी दोन शब्द जोडून बोलतात; सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढाच्या सुमारे 90 टक्के होतो. हा क्रम सर्वत्र जवळपास सारखा. परिस्थिती मात्र नाही.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी यंत्रमागांसाठी प्रसिद्ध असली, तरी तालुक्यातील वीटभट्ट्या बालविकासाचा अधिक बोलका दाखला ठरतात. दिवाळीनंतर कातकरी आदिवासी कुटुंबे भट्टीवर मुक्कामाला येतात, पावसाच्या तोंडावर परततात. शाळेचे निम्मे वर्ष त्यातच जाते. ओल्या विटा वाळताना उलटाव्या लागतात. मुले हलकी, त्यांच्या पायाखाली वीट दबत नाही, म्हणून ते काम त्यांच्याकडे. हाताला कौशल्य येते, पण पाटी सुटते. यावर उपाय म्हणून विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या ‘विधायक संसद’ या संस्थेने 1990च्या दशकात भट्ट्यांवरच ‘भोंगाशाळा’ भरवल्या. भोंगा म्हणजे भट्टीमजुराची झोपडी.

शाळेनेच मुलाकडे जावे, हा विचार तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात जुना. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी भरवली. सोबत अनुताई वाघ होत्या. 1957 मध्ये काम कोसबाडला गेले, तेथे गुराख्यांसाठी कुरणशाळाही चालली. सरकारी बालविकास योजना 1975 ची, म्हणजे तीस वर्षांनी.