स्मार्ट ग्रिड

स्मार्ट ग्रिड : विजेबरोबर माहितीचीही दुतर्फा ने-आण करून निर्मिती, पारेषण, वितरण व वापर यांचा सतत मेळ घालणारे वीजजाळे (→ विद्युत् वितरण).

इटलीत एनेल कंपनीने २००१ पासून सुमारे ३ कोटी ग्राहकांकडे दूरवाचनाचे मीटर बसवले. मोठ्या प्रमाणावरील हा आरंभीचा प्रयोग. भारतात राष्ट्रीय स्मार्ट ग्रिड मिशन २०१५ मध्ये मंजूर झाले.

वितरण रोहित्रावरील मीटर आणि त्याच्यावरच्या सर्व ग्राहकांचे मीटर एकाच वेळी नोंद देतात. रोहित्रातून गेलेले युनिट आणि ग्राहकांच्या युनिटांची बेरीज यांतील तफावतीवरून गळती वा वीजचोरी नेमकी कोणत्या रोहित्रावर आहे ते कळते. हाताने, वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या वाचनांतून हा हिशेब जुळत नाही (→ वीजमापक).

तारेतील उष्णतारूप हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते : प्रवाह दुप्पट, तर हानी चौपट. म्हणून संध्याकाळच्या कमाल मागणीतील काही भार, उदा., पाणी उपसणारे पंप, वेळेनुसार बदलणाऱ्या दरांनी दुपारी वळवला, तर तेवढ्याच युनिटांमागची हानी घटते. दुपारची सौर वीजही जागच्या जागी वापरली जाते (→ सौर ऊर्जा). मात्र नुसता मीटर बदलल्याने वीज वाचत नाही. दररचना व भारनियंत्रण त्याला जोडावे लागते.