पाण्याची पाळी : एका विस्मृत मर्यादेचा इतिहास

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे नोकरी-व्यवसायानिमित्त शहरांत स्थायिक झाली असली, तरी गावाकडील वडिलोपार्जित विहिरीतील त्यांचा हिस्सा अद्यापि सातबाराच्या उताऱ्यावर नोंदलेला आढळतो. अनेक ठिकाणी पाणी मात्र त्या उताऱ्यापुरतेच उरले आहे. असे का घडले, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग काळ्या कातळाचा आहे. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत पावसाचे जेवढे पाणी मुरेल, तेवढीच त्या वर्षाची शिल्लक. पूर्वजांच्या मोटेला ही मर्यादा आपोआप पाळावी लागे. बैलांच्या बळास सीमा होती. पाणी तळाशी गेले की मोट थांबे आणि रात्रीतून झरे विहीर पुन्हा भरून काढीत. सामाईक विहिरीवर भाऊबंदांच्या पाळ्या ठरलेल्या असत. तंटे होत नसत असे नव्हे. परंतु पाणी एकट्याचे नाही, ही जाणीव त्या तंट्यांतही असे.

इ. स. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने निराळेच तत्त्व मान्य केले. निश्चित प्रवाहात नसलेले, आपल्या जमिनीखालचे पाणी काढून घेण्याचा हक्क जमीनमालकाचा ठरला. त्याच सुमारास, १८८३ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात निराळा मार्ग दाखविला. पाणी आधी शेतांत मुरून मग ओढ्यानाल्यांस मिळावे अशा रीतीने ताली-बंधारे घालावेत, तसेच पाणाड्यांकडून जमिनी तपासून पाण्याच्या जागा गावच्या नकाशांत नोंदवाव्यात, अशी त्यांची सूचना होती. कायदा टिकला, सूचना मागे पडली.

पुढे तेलावरची इंजिने आली, विजेचे पंप आले. १९७२ च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका खोदण्याच्या कामास वेग आला. कालांतराने तेच यंत्र बागायतीसाठी शेतोशेती फिरू लागले. एकाने दोनशे फूट जावे, शेजाऱ्याने चारशे, आणि विहिरी दोघांच्याही आटाव्यात, असा प्रकार सुरू झाला. खोल कातळात सावकाश साठलेले पाणी एका पावसाळ्याने भरून निघत नाही.

तथापि याच भूमीत दुसरा इतिहासही घडला. विलासराव साळुंखे यांनी १९७४ साली पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा पाया घातला. तेथे पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणशी वाटले गेले. भूमिहीनांसही वाटा मिळाला आणि ऊस वर्ज्य ठरला. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली सिंचनासाठी कूपनलिका घेणे बंद केले व पडलेल्या पावसाचा हिशेब मांडून पिके ठरविली. २००९ च्या राज्य अधिनियमानेही शेतीसाठी ६० मीटरांहून अधिक खोल विहिरींस मनाई केली. पण गावाने मनावर घेतल्यावाचून कायदा बांधापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस विनंती इतकीच, की दिवाळीस गावी जाल तेव्हा विहिरीचे पाणी मोजावे, भाऊबंद व शेजारी यांसह बसून रब्बीचे पीक ठरवावे आणि नव्या कूपनलिकेचा विचार निघाल्यास प्रथम ताली-बांध दुरुस्त करावेत. जमिनीच्या वाटण्या झाल्या, तरी भूगर्भातील पाणी अविभक्तच आहे. त्याची पाळी पुन्हा बसविणे, हे पुढील पिढीचे आपल्यावरील ऋण होय.