पहारेकऱ्याची भूल

संगणकावरील व्हायरसांच्या उत्पातांचीं वर्णनें पुष्कळ झालीं आहेत. परंतु त्यांच्या बंदोबस्तासाठीं नेमलेल्या पहारेकऱ्यानें निरपराध्यांवर घेतलेल्या आळांची बखर सहसा कोणी लिहीत नाहीं. अँटिव्हायरस नांवाचा हा पहारेकरी आज घरोघरीं आणि कचेरीकचेरींत जागता असतो. पडद्यावर तांबडी पाटी झळकते, ‘ही फाइल धोकादायक आहे’ असा निर्णय उमटतो, आणि बहुतेक मंडळी विचार न करतां त्यापुढें मान तुकवितात. हा निर्णय खोटा असूं शकतो काय, आणि असल्यास तो कां, याचा इतिहासाच्या आधारें थोडा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१९७१ सालीं अमेरिकेंतील अर्पानेट या जाळ्यावर बॉब थॉमस यांचा ‘क्रीपर’ नांवाचा प्रोग्राम एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर फिरूं लागला. त्याचा माग काढून त्याला पुसून टाकण्यासाठीं रे टॉमलिन्सन यांनीं ‘रीपर’ हा दुसरा प्रोग्राम लिहिला. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, रीपरही क्रीपरप्रमाणेंच यंत्रायंत्रांतून संचार करीत असे. चोर आणि शिपाई यांची चाल अशी आरंभापासूनच सारखी होती. पुढें १९८६ सालीं लाहोरच्या दोघां बंधूंनीं लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीवरून देशोदेशीं पोंचला, आणि एकदोन वर्षांतच अँटिव्हायरस विकण्याचा धंदा उभा राहिला.

या पहारेकऱ्याची पहिली रीत साधी होती. सांपडलेल्या व्हायरसांतील एखादी ओळख पटविणारी खूण टिपून ठेवावयाची आणि प्रत्येक फाइलींत ती शोधावयाची. व्हायरस वेष पालटूं लागले तेव्हां ही रीत अपुरी पडली. मग ‘ही फाइल चोरासारखी वागते काय’ हें पाहून अनुमान करण्याची रीत आली. खुणेनें पकडण्यांत चूक कमी, पण नवा चोर निसटतो. अनुमानानें नवा चोर सांपडतो, पण एखादा सावही कोठडींत जातो.

ही अडचण केवळ कारागिरांच्या उणेपणाची नव्हे, हें फ्रेड कोहेन यांनीं १९८४ सालच्या आपल्या निबंधांत दाखवून दिलें. त्यांच्या युक्तिवादाचें सार असें: समजा, कोणताही प्रोग्राम पाहून तो व्हायरस आहे कीं नाहीं हें अचूक सांगणारा एक सर्वज्ञ परीक्षक आहे. आतां असा एक खट्याळ प्रोग्राम लिहावा कीं, जो प्रथम त्याच परीक्षकास आपल्याविषयीं विचारतो. ‘निर्दोष’ असें उत्तर आल्यास पसरूं लागतो आणि ‘दोषी’ असें आल्यास स्वस्थ बसतो. परीक्षकानें कांहींही सांगितलें तरी तें खोटेंच ठरतें! तेव्हां असा परीक्षक असूंच शकत नाहीं. एक तर कांहीं चोर सुटतील, नाहीं तर कांहीं साव अडकतील. कोणत्या बाजूची चूक पत्करावयाची, एवढाच प्रश्न मग उरतो.

पहारा विकणाऱ्याचें पारडें कोणत्या बाजूस झुकेल, हें उघड आहे. ६ मार्च १९९२ रोजीं ‘मायकेलअँजेलो’ व्हायरस जागा होऊन ५० लाखांपर्यंत संगणकांचा नाश करील, असें भाकित त्या वेळीं गाजलें. प्रत्यक्षांत बाधा झाली ती कांहीं हजारांस. अँटिव्हायरसचा खप मात्र भरपूर झाला.

परंतु भीतीपेक्षां भूल अधिक महाग पडते, याचें ठळक उदाहरण २१ एप्रिल २०१० चें आहे. त्या दिवशीं मॅकॅफी कंपनीनें आपल्या गिऱ्हाइकांस नेहमींप्रमाणें नव्या खुणांची यादी पाठविली; तिचा अनुक्रमांक ५९५८. या यादीप्रमाणें पाहतां विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ मधील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही फाइल ‘वेकॉर्ल’ नांवाच्या व्हायरसासारखी दिसली. विंडोजचीं अनेक अंतर्गत कामें या फाइलीवांचून चालत नाहींत. घरांतल्या कर्त्या माणसालाच चोर समजून बाहेर काढावें, तसें झालें. संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा पुन्हा सुरू होऊं लागले आणि त्यांचा जाळ्याशीं संबंध तुटला. कंपनीनें कांहीं तासांत यादी मागें घेतली. पण जाळेंच तुटल्यामुळें सुधारलेली यादी त्या यंत्रांपर्यंत पोंचेना, आणि माणसांना एकेका यंत्रापाशीं जाऊन दुरुस्ती करावी लागली. ऱ्होड आयलंड राज्यांतील कांहीं रुग्णालयांना गंभीर दुखापतीचे रोगी वगळून इतरांस तांतडीच्या विभागांत घेणें थांबवावें लागलें. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याची आपल्याकडील म्हण आहे. येथें तर चोर हजरही नव्हता.

हें उदाहरण एकटें नाहीं. मे २००७ मध्यें सिमँटेकच्या अँटिव्हायरसनें चिनी भाषेच्या विंडोजमधील दोन आवश्यक फाइली व्हायरस समजून काढल्या. सप्टेंबर २०१२ मध्यें सोफोसच्या अँटिव्हायरसनें स्वतःच्याच अपडेट आणणाऱ्या भागावर आळ घेतला. सप्टेंबर २०२२ मध्यें मायक्रोसॉफ्ट डिफेंडरला क्रोमसारखे नेहमींच्या वापरांतले प्रोग्राम संशयास्पद वाटले.

मोठ्यांवर आळ आला म्हणजे बोभाटा होतो आणि तो लवकर दूर होतो. लहानांचें तसें नाहीं. आमच्या एका विद्यार्थ्यानें जुन्या मराठी फाँटांत टंकलेले लेख युनिकोडांत उतरविणारा लहानसा प्रोग्राम लिहिला होता. आमच्या संगणकावर तो उघडतांच तांबडी पाटी झळकली. यानें कांहीं खोडी केली असावी, असा संशय आम्हीं बोलून दाखविला, तोही चारचौघांत. पुढें ती फाइल व्हायरसटोटल या सेवेकडे धाडली. तेथें साठांहून अधिक अँटिव्हायरस एकच फाइल तपासतात. त्यांतील केवळ दोघांनीं तिच्यावर बोट ठेविलें. आमच्या अँटिव्हायरसच्या कंपनीकडे नमुना पाठविला, तेव्हां चार दिवसांनीं ती निर्दोष असल्याचें उत्तर आलें. तिच्यावर कोणत्याही प्रमाणपत्राची सही नव्हती आणि जगांत दुसऱ्या कोणीं ती वापरलेली नव्हती, एवढाच तिचा अपराध. आम्हीं क्षमा मागितली. परंतु तो विद्यार्थी त्यानंतर नवें कांहीं दाखवावयास आमच्याकडे आला नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, असा पहारेकरी ठेवावाच कशाला? पण खोट्या इशाऱ्यांना विटून अँटिव्हायरस बंद करणाऱ्यांची वाट पाहणारेही आहेत. चोरटे प्रोग्राम वाटणारे ‘इशारा खोटा आहे, पहारा बंद करा’ असें आपल्या मालासोबतच लिहून ठेवतात, आणि पुष्कळदां त्याच मालांत खरा व्हायरस असतो. संशयित फाइल अलग ठेवण्याच्या जागेला अँटिव्हायरसच्या भाषेंत ‘क्वारंटाइन’ म्हणतात. हा शब्द ऐकतांच पुण्याच्या माणसास १८९७ चा प्लेग आठवावा. रोग खरा होता, बंदोबस्तही अवश्य होता. परंतु रँडसाहेबांच्या अमदानींत सोजिरांनीं घरोघर शिरून संशयितांस छावण्यांत नेण्याचा सपाटा लाविला, तेव्हां लोक रोगी लपवूं लागले. ज्या तपासणीनें रोग उघडकीस यावयाचा, तिच्याच धाकानें तो झांकला गेला.

तात्पर्य, तांबडी पाटी ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. फिर्याद आली म्हणजे फाइल अलग ठेवावी, पण लागलीच पुसूं नये. ती कोठून आली हें पाहावें, दुसरे साक्षीदार तपासावे, नमुना कंपनीकडे पाठवावा, आणि खुलासा होईपर्यंत ती चालवूंही नये. फाइलीच्या बाबतींत हा नियम आम्हीं उशिरानें कां होईना पाळला. विद्यार्थ्याच्या बाबतींत तो पहिल्या घटकेलाच पाळावयास हवा होता.