पाहुण्याचें म्हणणें

नरखेड तालुका संत्र्यांच्या बागांसाठीं प्रसिद्ध आहे. नागपूरहून इटारसीकडे जाणारा लोहमार्ग नरखेडवरूनच जातो. अशा वाटेवरच्या मुलखांत उतारूंच्या मुक्कामाचा प्रश्न नवा नव्हे. अलीकडे हॉटेलांच्या व्यवस्थापनाचें शास्त्रच झालें आहे. पाणी व इंधन कसें राखावें आणि पाहुण्यांचे अभिप्राय कसे तोलावेत, यांवर संशोधन चालतें. या दोन्ही विचारांची जुनी वाट शोधणें बोधप्रद होईल, असें आम्हांस वाटतें.

अशोकाच्या सातव्या स्तंभलेखांत रस्त्याकडेचे वड, आमराया, विहिरी व विसांव्याच्या जागा यांचा एकत्र उल्लेख आहे. सावली व पाणी यांवांचून निवारा टिकत नाहीं, हें त्या काळींही उमगलें होतें. पुढें इंग्रज सरकारनें 1867 सालीं सरायांविषयीं 22 वा कायदा केला. खोल्या, गटारें व विहिरी स्वच्छ ठेवणें, सांसर्गिक रोगाची वर्दी पोलिसांस देणें, पहारेकरी नेमणें, दरपत्रक लावणें, इतकेंच नव्हे, तर चोरास आंत शिरण्यास उपयोगी पडेल अशी फांदी तोडणें, हीं सरायवाल्याचीं कर्तव्यें ठरलीं. मात्र ही स्वच्छता कोणाच्या समाधानास उतरावयाची? मॅजिस्ट्रेटच्या, उतारूच्या नव्हे!

उतारूस बोलण्याची सोय झाली ती डाकबंगल्यांत. तेथील वहींत नांव, तारीख व शेरा लिहीत. खानसाम्याची अब्रू त्या शेऱ्यावर अवलंबून असे. परंतु लेखणी धरणारा बहुधा साहेब किंवा अंमलदार. धर्मशाळेंतील वारकऱ्यानें कोणत्या वहींत लिहावें? आणि ज्यास उंबऱ्याच्या आंतच घेत नसत, त्याचा शेरा कोठें शोधावा?

या प्रश्नाचें उत्तर वर्धा नदीपलीकडील अमरावती जिल्ह्यांतून आलें. शेंडगांवीं 1876 सालीं जन्मलेल्या गाडगे महाराजांनीं कोणाचा अभिप्राय मागविला नाहीं. दाराबाहेर कोण राहतो, हें पाहिलें. अस्पृश्य वारकऱ्यांसाठीं पंढरपुरांत चोखामेळा धर्मशाळा उभारली, हातीं खराटा घेऊन स्वच्छता हाच धर्म शिकविला, आणि पुढें 1949 सालीं ती वास्तु डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस दिली.

आजच्या संशोधकांनीं यांतून एक गोष्ट घ्यावी. अभिप्राय आंत आलेल्यांचेच मिळतात. पाहुणा नळास भरपूर पाणी होतें म्हणून संतोष कळवितो; त्या पाण्यानें शेजारच्या बागेची विहीर किती खालीं गेली, हें लिहिण्यास त्या वहींत रकाना नसतो. संत्र्यास पाणी देणारा शेतकरी हा त्या हॉटेलचा न आलेला पाहुणाच होय. त्याचें म्हणणें ऐकल्यावांचून आतिथ्याचा हिशेब पुरा होत नाहीं.