त्रिविक्रम मंदिर, तेर
धाराशिव जिल्ह्यात तेरणेकाठच्या तेर गावातील प्राचीन विटांचे मंदिर. तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनातील व्यापारी नगर तगर. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणूनही ते परिचित आहे.

मंदिराचा गाभारा चापाकार आहे. समोरची बाजू सरळ, तर मागची भिंत अर्धवर्तुळात वळलेली. वरचे छत गजपृष्ठाकार असून विटांचे आडवे थर थोडेथोडे आत सरकवत ते मिटवले आहे. दर्शनी भागावरची चैत्यकमान (नालाच्या आकाराची कमान) अजिंठा, कार्ले येथील लेण्यांची आठवण करून देते. मात्र तेथे हा आकार खडकात कोरलेला आहे, येथे तो बांधून काढला आहे. अशी बांधीव चैत्याकार वास्तू भारतात फारच थोड्या ठिकाणी आज उभी आहे. आंध्रातील चेजर्ला येथील कपोतेश्वर मंदिर हे तिचे जवळचे उदाहरण. 

पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, असल्याचे मत मांडले. ते सर्वमान्य नाही, तरी वास्तूचा आकार त्याच्याच बाजूने बोलतो. आत त्रिविक्रमरूपातील विष्णूची मूर्ती आहे. पुढचा सपाट छताचा मंडप नंतरचा.