घरात एकाला लिव्हरचा आजार असेल, तर बाकीच्यांनी काय तपासायचं?

"आमच्या घरात दारूला कोणी शिवत नाही, मग लिव्हर खराब झालंच कसं?" टेंभुर्णीच्या दवाखान्यात हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. एकाच घरात दोघा-तिघांना त्रास झाला, तर "आनुवंशिक आहे, इलाज नाही" असं सगळे धरून चालतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. दारूशिवायही लिव्हर बिघडतं. घरातल्या अनेकांना आजार होण्यामागे जनुकांतला दोष असू शकतो, तसाच आईकडून बाळाकडे गेलेला विषाणूही असू शकतो. दोन्ही तपासणीत कळतात आणि वेळेवर कळले तर आटोक्यात ठेवता येतात.

आधी काविळीबद्दल. कावीळ हे लक्षण आहे, तिची कारणं अनेक. हिपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून पसरतात. २०१२ साली इचलकरंजीत आलेली काविळीची मोठी साथ ई विषाणूची होती. ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, म्हणून श्रेय गावातल्या कावीळ उतरवणाऱ्याला मिळतं. गरोदर बाईच्या बाबतीत मात्र थांबू नका. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो.

घराण्यात चालत आल्यासारखा वाटतो तो हिपॅटायटिस बी. तो जनुकांतून येत नाही, रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातल्या ९५ जणांच्या शरीरातून तो निघून जातो. जन्मावेळी लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो कायमचा मुक्काम करतो. मूल धडधाकट वाढतं, शेतात राबतं, आणि चाळिशीत पोटात पाणी झाल्यावर किंवा लिव्हरचा कॅन्सर निघाल्यावर आजार कळतो. म्हणून एकाची एचबीएसएजी चाचणी पॉझिटिव्ह आली, तर त्याची आई, भावंडं, जोडीदार आणि मुलं या सगळ्यांची तीच चाचणी करा. निगेटिव्ह असतील त्यांनी लस घ्यावी: पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन हवं. हे प्रसूतीआधीच ठरवून ठेवा, रात्री दोन वाजता धावपळ नको.

अशा माणसाचं ताट-वाटी वेगळी करू नका. सोबत जेवल्याने किंवा मिठी मारल्याने बी पसरत नाही. ब्लेड, दाढीचा वस्तरा, टूथब्रश वेगळा हवा, एवढंच. गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका, आजार एकदम उसळतो.

हिपॅटायटिस सी मुख्यतः रक्तातूनच पसरतो. त्याला लस नाही, पण बहुतेक रुग्ण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरे होतात.

आता खरा आनुवंशिक आजार: विल्सन. यात लिव्हरला जादा तांबं बाहेर टाकता येत नाही. ते आधी लिव्हरमध्ये आणि मग मेंदूत साठतं. मुलाला पुन्हा पुन्हा कावीळ होते, किंवा अक्षर बिघडतं, हात थरथरतात, बोलणं अडखळतं, आणि घरचे म्हणतात अभ्यासात लक्ष नाही. आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आला तरच आजार होतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत ही शक्यता वाढते. एका मुलाला विल्सन असेल तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक असते. सेरुलोप्लाझ्मिन, २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि डोळ्यांची तपासणी यांवरून तो बहुधा ओळखता येतो. लक्षणं येण्याआधी गोळ्या सुरू केल्या तर मूल सर्वसाधारण आयुष्य जगतं, पण गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. अशा घरात तांब्याच्या भांड्यातलं पाणी पेशंटला देऊ नका.

तांब्यावरून एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्वी लहान बाळांना लिव्हरचा एक जीवघेणा आजार होई, कधी एकाच घरात दोन भावंडांना. साहजिकच तो आनुवंशिक वाटे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की या बाळांना वरचं दूध कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून दिलं जात होतं. जनुकांचा काही वाटा असेलही. पण घरोघरी स्टीलची भांडी आली आणि आजार जवळपास दिसेनासा झाला.

फॅटी लिव्हरमध्येही काही जनुकांमुळे धोका वाढतो. त्यासाठी महागडी जनुक तपासणी करून घेऊ नका. वजन, शुगर आणि दारू यांकडे लक्ष द्या.

२०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. विल्सनची शंका असेल तर छत्रपती संभाजीनगरला घाटीत किंवा लिव्हरच्या तज्ज्ञांकडे जावं लागेल. जाताना आजारी माणसाची जुनी फाइल सोबत न्या, तिच्यावरून भावंडांच्या कोणत्या तपासण्या करायच्या ते ठरतं. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा असंबद्ध बोलणं दिसलं, तर मात्र फाइल शोधत बसू नका, त्याच क्षणी रुग्णालय गाठा.